वातीची लांबी

माझं आणि त्या उपसंपादकाचं भांडण बारा वर्षं चाललं. त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

आमचं तेरखेडा धुळे-सोलापूर हमरस्त्यावर आहे, वाशी तालुक्यात. परक्या माणसाला गावाचं नाव सांगितलं की तो लगेच विचारतो, "फटाक्यांचं का?" होय, तेच. माळावर एकमेकींपासून अंतर राखून बांधलेल्या खोल्या, त्यांत शोभेची दारू भरणारे कारागीर, सावलीला बसून कागदी नळ्या वळणाऱ्या बाया, आणि दिवाळीच्या तोंडावर घाऊक माल न्यायला येणाऱ्या गाड्या. मराठवाड्याची शिवकाशी म्हणतात आम्हाला. या गावात माझं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे. १९९९ पासून मी एका दैनिकाचा वार्ताहर आहे आणि गेली काही वर्षं एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर जनसंवाद हा विषय शिकवतो. तिन्ही मिळून एक घर चालतं. वार्ताहराला पगार नसतो हे वाचकांना बहुधा माहीत नसेल. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती आणल्या की त्यावर कमिशन मिळतं, आणि बातमी आपण हौसेनं द्यायची असते.

सुरुवातीला बातमी पाकिटात घालून, वर 'तातडीचे : बातमी' असं लाल शाईनं लिहून, एसटीच्या कंडक्टरच्या हातात द्यायची. पाकीट संध्याकाळी कार्यालयाचा माणूस स्टँडवरून घेऊन जायचा. दुसऱ्या दिवशी पेपरचा गठ्ठा आला की मी दोरी सोडायच्या आधी चौथं पान उलगडायचो. चार पानं लिहिलेली असायची, छापून यायच्या सहा ओळी. कधी तेवढ्याही नाहीत. येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या चैत्री यात्रेला हजारो माणसं चुनखडी वेचायला येतात. त्यावर मी रात्रभर जागून लिहिलेला मजकूर एका टिपणीएवढा झाला, तेव्हा मी पेपर दुकानातच फाडला होता. डेस्कवर एक उपसंपादक होता. त्याला मी एकदाच पाहिलं होतं. चष्मा, पानाचा डबा, मान वर न करता "ठेवा तिथं" म्हणणं. तो माझा शत्रू ठरला.

एका अपघातानं तर कळसच केला. हमरस्त्यावर रात्री ट्रक आणि जीप धडकली. मी बाराच्या पुढं एसटीडी बूथ उघडायला लावून फोन केला आणि मृतांचा आकडा सांगितला. तो म्हणाला, "कुणी सांगितला?" मी म्हटलं, लोक सांगतायत. तो म्हणाला, "एक पोलीस आणि एक दवाखाना. दोन्हीकडून आला की कळवा." फोन ठेवला. सकाळी दुसऱ्या पेपरात मोठ्ठा आकडा आणि नावांची यादी. आमच्यात 'काही जण दगावल्याचे समजते.' चहाच्या हॉटेलात माझी जी काय शोभा झाली ती सांगायला नको.

पुढं शिकवायला लागलो आणि पुस्तकात मला हा माणूस सापडला. त्याला तिथं 'द्वारपाल' म्हणतात.

जनसंवादाच्या पहिल्याच प्रकरणात तो भेटतो. आधी लासवेलचं १९४८ चं सूत्र येतं : कोण, काय, कोणत्या माध्यमातून, कोणाला, कोणत्या परिणामासह सांगतो. त्याच वर्षीचा शॅननचा नकाशा येतो, ज्यात प्रेषक, संदेश, वाहिनी, ग्राहक आणि मध्येच घुसणारा गोंगाट असतो. (इथं मी मुलांना सांगायचो की फटाक्याचा आवाज चार मीटरवर १२५ डेसिबलच्या वर जाऊ नये असा नियम आहे. मागच्या बाकावरून हमखास आवाज यायचा, "सर, अफवेला किती डेसिबल?" मी हसायचो. त्या पोराला उत्तर द्यायला हवं होतं.) मग येतो कर्ट लेविन. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत चांगल्या मांसाची टंचाई झाली, तेव्हा लोकांनी काळीज, गुर्दे असले भाग खावेत म्हणून काय करावं, हे तो शोधत होता. त्याच्या ध्यानात आलं की ताटात काय पडणार हे खाणारा ठरवत नाही. बाजारातून घरात आणि घरातून ताटात जे येतं ते एका दारातून येतं आणि त्या दारात घरची बाई उभी असते. जनसंवादातला द्वारपाल मुळात चुलीपुढं बसलेला आहे, हे मला तेव्हा नुसतं गमतीचं वाटलं. १९५० साली डेव्हिड मॅनिंग व्हाइटनं तीच कल्पना वर्तमानपत्राच्या डेस्कवर नेली. एका छोट्या शहरातल्या पेपरचा एक अनुभवी उपसंपादक त्यानं धरला, त्याला 'मिस्टर गेट्स' असं टोपणनाव दिलं, आणि आठवडाभरात तारेनं आलेल्या ज्या बातम्या त्यानं टाकून दिल्या त्या प्रत्येकीवर कारण लिहून मागितलं. छापल्या गेल्या होत्या दहातली एक. कारणं? जागा नाही. कंटाळवाणी. प्रचारकी.

हे प्रकरण मी सूड घेतल्यासारखा शिकवायचो. फळ्यावर दार काढायचो, दाराशी चष्मेवाला माणूस काढायचो. मुलं हसायची. मग मी 'मूकनायक' सांगायचो. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांचं ते पाक्षिक निघालं, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनसुद्धा छापायला 'केसरी'नं नकार दिला होता. बघा, म्हणायचो, दाराशी माणूस बसवला की तो कुणाला बाहेर ठेवतो! मग मोठ्या अक्षरांत लिहायचो : डिजिटल माध्यमे = द्वारपालाचा मृत्यू. आता प्रत्येक जण प्रेषक, प्रत्येक जण संपादक. २०१५ साली मी गावाचा ग्रुप काढला त्या दिवशी मला जे वाटलं ते खोटं कशाला सांगू? मला तो चष्मा आठवला आणि लई बरं वाटलं.

माझं मत एका झटक्यात बदललं असं सांगितलं तर गोष्ट छान होईल, पण तसं झालं नाही. बदलायची पहिली संधी मी चक्क दवडली.

२०१८ च्या उन्हाळ्यात मुलं पळवणाऱ्या टोळीचा एक व्हिडिओ फिरत होता. मोटरसायकलवर दोघं येतात, गल्लीत खेळणारं पोर उचलतात आणि निघून जातात. मी तो ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, 'पालकांनी काळजी घ्यावी.' पुढं कळलं की ती कराचीतल्या एका संस्थेनं मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेली फिल्म होती. मूळ फिल्ममध्ये ते दोघं परत येतात, पोराला खाली ठेवतात आणि फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला होता. १ जुलैला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत फिरणारी, सोलापूरकडची माणसं. ज्या रस्त्याच्या एका टोकाला सोलापूर आणि दुसऱ्याला धुळे, त्याच रस्त्यावर आमचं गाव आहे. अशी माणसं आमच्या स्टँडवर चहा पितात.

आणि मी काय केलं? वर्गात 'माध्यम साक्षरता' या विषयावर तास घेतला. सांगितलं की लोक अडाणी आहेत, हातात स्मार्टफोन आला पण डोकं तेच राहिलं. माझ्या फॉरवर्डचा उल्लेख केला नाही. पुस्तकात एक जुना सिद्धांत आहे, 'बंदुकीची गोळी' किंवा 'जादूची गोळी' म्हणतात. माध्यमानं गोळी झाडायची, लोकांना ती थेट लागते, असा. तो केव्हाच मोडीत निघाला असं मीच शिकवत होतो. पोटात मात्र त्याच्यावरच विश्वास होता. लोक म्हणजे कोरडी दारू, ठिणगी पडली की उडणार. दोष दारूचा. ठिणगी टाकणारा मी नामानिराळा.

त्याच वर्षी २३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानं फटाक्यांच्या ऑनलाइन विक्रीला बंदी घातली. आमच्या गावात त्यावर बरीच चर्चा झाली. म्हणजे सुतळी बॉम्ब फोनवरून मागवता येईना. कराचीचा व्हिडिओ मात्र घरपोच मिळत होता.

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. दुपारचे साडेतीन. लाइट गेली होती म्हणून मी दुकानाच्या पायरीवर पुठ्ठ्यानं वारा घेत बसलो होतो. एवढ्यात आवाज झाला. शटर थरथरलं.

फटाक्याच्या गावात माणसं आवाजाला सरावलेली असतील असं बाहेरच्यांना वाटतं. खरं तर आमच्याइतकं आवाजाला घाबरणारं गाव नसेल. आम्हाला आवाजांच्या जाती कळतात. एक माल तपासताना होणारा. एक वरातीतला. आणि एक असा, की ज्याच्या मागून गाव गप्प होतं. हा मला तिसऱ्या जातीचा वाटला. बघतो तर माळाच्या बाजूला काळा धूर वर चढत होता. मी उठलो नाही. खिशातून फोन काढला. लिहिलं :

'तेरखेडा शिवारात फटाका कारखान्यात भीषण स्फोट. काही कामगार अडकल्याची भीती. सविस्तर लवकरच.'

पंधरा सेकंद लागले असतील. हाताला वळणच तसं होतं. 'भीषण', 'अडकल्याची भीती', 'सविस्तर लवकरच' हे शब्द पंचवीस वर्षांत बोटांत मुरलेले. त्यातलं एकही अक्षर मी पाहिलेलं नव्हतं. मग मोटरसायकल काढली आणि माळाकडं निघालो.

माळावर सगळं जागच्या जागी होतं. पोरी सावलीला खोकी भरत होत्या. राखणदार भाकरी खात होता. तोंडात घास तसाच ठेवून त्यानं हात केला आणि पलीकडं दाखवलं. तीन शेतं सोडून एका विहिरीवर सुरुंग उडवला होता. मे महिन्यात आमच्याकडं विहिरींचं काम चालूच असतं. आणि धूर? तो तर त्याच्याही पुढचा. कुणीतरी बांध पेटवला होता, त्यात ठिबकच्या जुन्या नळ्या जळत होत्या. आवाज एका शेतातला, धूर दुसऱ्या शेतातला. दोन्ही जोडून कारखाना मी केला होता.

परत येईस्तोवर पाऊण तास गेला. तेवढ्यात माझं वाक्य वाशीला, कळंबला, तिथून पुण्या-मुंबईला पोचलं होतं. चाकणच्या कंपन्यांत कामाला असलेली गावची पोरं घरी फोन लावत होती आणि सगळेच लावत असल्यामुळं कुणाचाच लागत नव्हता. 'काही कामगार'चे कुठं चार झाले होते, कुठं अकरा. मी घाईनं मूळ पोस्ट डिलीट केली. ती माझी दुसरी चूक. 'हा मेसेज डिलीट केला आहे' एवढी राखाडी ओळ मागं उरली आणि लोकांनी तिचा अर्थ लावला : दाबलं. मालकानं पैसे दिले, सरांनी बातमी काढली. मी खुलासा टाकला तर तो वाचायला अर्धीसुद्धा माणसं आली नाहीत. तीन दिवस मला रस्त्यात थांबवून हळू आवाजात विचारत होते, "सर, खरं सांगा, किती गेले?"

आमच्या गावापासून तीनेक किलोमीटरवर एक वाडी आहे. तिथली एक बाई मेसेज ऐकून माळाकडं पळत सुटली होती. तिची लेक खोकी भरायला येते. मेच्या दुपारी, डांबरी रस्त्यानं, पायात काही नाही. लेक सावलीला बसलेली बघून ती तिथंच मटकन बसली, असं राखणदारानं सांगितलं. तळपाय पोळून फोड आले होते.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. जाऊ की नको असं तास-दीड तास चाललं होतं, ते सोडून देतो. तळपायांना तेल-हळद लावून ती ओट्यावर बसली होती. मला बघून तिनं पदर सावरला, नातवाला आत पिटाळून सतरंजी आणवली आणि "बसा सर" म्हणाली. त्या 'बसा सर'नं मी अर्धा मेलो. माफी मागायला सुरुवात केली तर ती ऐकेना. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. पोरगी हाय, बास झालं." मग जरा वेळानं, माझ्याकडं न बघता म्हणाली, "पण सर, बिनवातीचा सोडला तुमी."

ती स्वतः वीस वर्षं वाती करायला जात होती. वात म्हणजे काय हे आमच्या पोरांना सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगतो. सुती दोऱ्याला दारूचा लेप द्यायचा, वाळवायचा, कागद गुंडाळायचा, मापानं तोडायचा. ती म्हणाली की वात दोन बोटं कमी भरली तर मुकादम आख्खी जुडी परत करायचा, त्या दिवसाची मजुरी बुडायची. तेव्हा राग यायचा. दोन बोटांनी काय होतंय? "पेटवणारं मानूस मागं सरायला पायजे की," ती म्हणाली. "तेवढ्यासाठीच आसती ती."

घरी येताना माझ्या डोक्यात तो चष्मा होता. 'एक पोलीस आणि एक दवाखाना.' मला वाटत होतं ते दार आहे आणि मला बाहेर ठेवायला लावलंय. ती दोन बोटं वात होती. बारा वर्षं मी तिच्या लांबीवर चिडलो होतो.

त्या अपघाताची आणखी एक गोष्ट मी वर सांगितली नाही, कारण इतकी वर्षं मी ती स्वतःलाही सांगितली नव्हती. दुसऱ्या पेपरातल्या मृतांच्या यादीत एक जिवंत माणूस होता. त्याच्या घरी सकाळीच सोयरे रडत आले होते आणि तो दारात दात घासत उभा होता. गावात त्यावर महिनाभर हसले. मीही हसलो. आमच्या पेपरनं ते नाव छापलं नव्हतं, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही.

मग मी पुन्हा वाचायला बसलो, या वेळी परीक्षेसाठी नाही. ऑलपोर्ट आणि पोस्टमन यांनी १९४७ साली मांडलेलं सूत्र मी वर्षानुवर्षं दोन गुणांचा प्रश्न म्हणून उरकलं होतं : अफवेचा जोर म्हणजे विषयाचं महत्त्व गुणिले माहितीची संदिग्धता. दोन्हींतलं एक शून्य झालं की अफवा शून्य. आमच्या गावात पहिला आकडा कधीच शून्य होणार नाही. घरटी एक माणूस माळावर आहे. मग हातात राहते ती फक्त संदिग्धता. ती कमी करायला मोटरसायकलवरून सात मिनिटं लागली असती. माझ्या पोस्टनं ती वाढवली. 'काही', 'भीती', 'लवकरच' या तीन शब्दांत नुसती भोकंच आहेत, आणि ती भरायचं काम मी साडेचारशे घाबरलेल्या माणसांवर सोपवलं.

लोक अडाणी म्हणून अफवा पसरते हे माझं मतही त्यातच गेलं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे तीन छप्पन्नला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी दहावीत होतो. आदल्या रात्री गणपती बुडवून माणसं झोपलेली. आमच्या घरची भांडी मांडणीवरून खाली आली, भिंती उभ्या राहिल्या. सास्तूर-किल्लारीकडं काय झालं ते रेडिओनं सांगितलं, आणि मग एसटीनं आलेल्या माणसांनी, आणि त्यांचं ऐकून बायांनी केलेला आक्रोश मला अजून आठवतो. पुढं कितीतरी रात्री आम्ही अंगणात झोपलो, कारण दर दोन दिवसांनी कुणीतरी सांगायचं : आज रात्री पुन्हा होणार, पहिल्यापेक्षा मोठा. माझे वडील शिकलेले होते. तेही आमच्याबरोबर अंगणात झोपत.

याचा उलगडा मला वाचनात झाला. १९३४ च्या बिहारच्या भूकंपानंतर जमुना प्रसाद नावाच्या भारतीय मानसशास्त्रज्ञानं अशाच अफवा गोळा केल्या होत्या. धक्का बसला पण नुकसान झालं नाही अशा भागांत, याहून भयंकर काही येणार अशाच अफवा जास्त होत्या. लिऑन फेस्टिंगरला हे कोडं वाटलं. आधीच घाबरलेला माणूस स्वतःला आणखी घाबरवेल कशाला? त्यानं उत्तर असं काढलं की भीती अंगात शिरलेली असते, डोळ्यांपुढं मात्र काही पडझड नसते. मग माणूस त्या भीतीला शोभेल असं कारण शोधतो. यातूनच पुढं १९५७ चा त्याचा प्रसिद्ध सिद्धांत उभा राहिला. म्हणजे आमच्या अंगणातल्या रात्रींना थेट पुस्तकात जागा होती, आणि मी त्याला अडाणीपणा म्हणत होतो. लोक कोरडी दारू नव्हते. ते अंधारात चाचपडत होते, आणि ज्याच्याकडं बॅटरी आहे असं त्यांना वाटलं, त्याच्याकडं बघत होते.

त्या दुपारी ते माझ्याकडं बघत होते. हे कबूल करायला मला सगळ्यात जड गेलं. लाझार्सफेल्डनं १९४० च्या अमेरिकन निवडणुकीत ओहायोतल्या एका परगण्यात अभ्यास केला, तेव्हा त्याला दिसलं की माध्यमांतला विचार लोकांपर्यंत थेट जात नाही. आधी तो काही ऐकणाऱ्या-वाचणाऱ्या माणसांकडं जातो आणि त्यांच्या तोंडून बाकीच्यांकडं. द्विस्तरीय प्रवाह म्हणतात त्याला. तोच मेसेज एखाद्या नवख्या पोरानं टाकला असता तर चार जणांनी "खरंय का?" विचारलं असतं. मला कुणी विचारलं नाही. "सरांनी टाकलंय" एवढं पुरलं. द्वारपाल मेला असं मी फळ्यावर लिहीत होतो. तो जिवंत होता, पायरीवर बसून पुठ्ठ्यानं वारा घेत होता, आणि दार सताड उघडं टाकून पुढाऱ्यासारखा हात हलवत होता.

म्हणून काय सगळं मागं घेऊ? 'मूकनायक'चं उदाहरण मी अजून शिकवतो, त्याच आवाजात. दाराशी बसणारा कोण, त्याला कुणी बसवलं आणि तो कुणाला आत घेतच नाही, हे प्रश्न जुन्या डेस्कवर कुणी विचारले नाहीत. आमच्या गावातल्या नळ्या वळणाऱ्या बायांच्या मजुरीवर मी दिलेली बातमी कधीच छापून आली नव्हती, आणि ती संशयास्पद होती म्हणून नव्हे. ग्रुपवर ती गेली आणि चार लोकांनी निदान वाचली. माझं बदललं ते एवढंच : उशीर म्हणजे अन्याय, असं मी धरून चाललो होतो. अडवणूक आणि उशीर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मी एकीचा राग दुसरीवर काढत होतो.

उशीर कामाला लावता येतो हे आपल्या महाराष्ट्रातच एकदा करून पाहिलं गेलं आहे. १९५६ साली पुणे आकाशवाणी आणि युनेस्को यांनी पुणे, नगर, नाशिक, कोल्हापूर, सातारा या पट्ट्यातल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळं बसवली. (मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, आपली गावं त्यात नव्हती.) आठवड्यातून दोनदा अर्धा तास कार्यक्रम, असे वीस. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद, आणि मग मंडळानं ऐकलेल्यावर बोलायचं. शंका लिहून पाठवायच्या, पुढं त्यांची उत्तरं रेडिओवर यायची. पॉल न्यूरॅथनं त्याची तपासणी केली. जिथं ऐकून मग बोलत होते तिथं माणसांची जाण चांगलीच वाढली होती, जिथं नुसताच रेडिओ होता तिथं तेवढी नाही. रेडिओ बंद करणं हा त्या प्रयोगाचा भाग होता, हे मला आता दिसतं. राईनपाड्याच्या महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेल्या मेसेजला एकाच ठिकाणी, आणि त्यानंतर असे मेसेज ७० टक्क्यांनी कमी झाल्याचं कंपनीनं सांगितलं. तेव्हा मी ग्रुपवर लिहिलं होतं, 'ही गळचेपी आहे.' दोन बोटं वात वाढवली होती त्यांनी, बस.

मी पण एक प्रयोग केला. ग्रुपवर फक्त अॅडमिननं लिहायचं असं सेटिंग केलं. आठ दिवस टिकलं. टँकर कधी येणार, कुणाची म्हैस सुटली, कुणाच्या आईचं मौतीचं किती वाजता, हे सगळं माझ्याकडं तुंबायला लागलं. माझ्यातला चष्मेवाला किती झपाट्यानं तयार होतोय ते बघून मीच घाबरलो. सेटिंग काढलं. आता एवढंच ठरवलंय की आवाज आला तर आधी गाडी काढायची, फोन खिशात. दर वेळी जमतंच असं नाही.

गेल्या दिवाळीत मी त्या उपसंपादकाचा नंबर शोधून काढला. निवृत्त होऊन त्याला आठ वर्षं झाली होती. वार्ताहर, तेरखेडा, असं सांगितल्यावर म्हणाला, "फटाक्यांचं का?" मी होय म्हटलं. मग मनात जुळवून ठेवलेलं सगळं बोललो. अपघात, आकडा, एक पोलीस एक दवाखाना, त्यांचं बरोबर होतं, मी उगाच मनात धरलं. त्याला अपघात आठवेना. यात्रेचा मजकूरही आठवेना. बराच वेळ पलीकडून नुसता पानाचा डबा उघडल्यासारखा आवाज आला.

"तेरखेडा म्हणजे ते लाल शाईचं पाकीट ना?" तो म्हणाला. "अहो, तुमचं अक्षर लागायचं नाही. जेवढं लागलं तेवढं छापलं."